करच भरत नसाल, तर सवलत कशावर घेणार?

पत्राचा सारांश: विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी या वाचक पाणी तपासणीची प्रयोगशाळा चालवतात. वय ४३, रसायनशास्त्रात पीएचडी, हाताखाली तिघे. बोअरच्या पाण्याचे नमुने, ग्रामपंचायतींची कामे आणि जवळच्या एमआयडीसीतल्या कारखान्यांचे सांडपाणी यांवर प्रयोगशाळेचा संसार चालतो. खर्च वजा जाता वर्षाला नऊ लाखांच्या आसपास उरतात. दुसरे काही उत्पन्न नाही. दिवसभराचे काम आटोपले की त्या पाण्यातले फ्लोराइड शोषून घेणाऱ्या एका माध्यमावर स्वतःच्या खर्चाने संशोधन करतात, कारण आसपासच्या गावांत मुलांच्या दातांवरचे डाग त्यांना रोज दिसतात. त्यांना पाण्यात विरघळलेले आयन मोजणारे २८ लाखांचे यंत्र, आयन क्रोमॅटोग्राफ, घ्यायचे आहे. सीए असलेले दीर म्हणतात, प्रयोगशाळेचा ट्रस्ट करा, संशोधन संस्था म्हणून आयकर खात्याची मान्यता मिळवा, देणगीदाराला करपात्र उत्पन्नातून देणगीच्या दीडपट वजावट मिळते. एक कारखानदार तयारही आहे: ३० लाखांची देणगी चेकने, त्यातले २५ लाख रोख परत. उरलेले पाच लाख चांगल्या कामाला लागतील, असे तो सांगतो. यजमानांचे म्हणणे वेगळे. स्टार्टअप म्हणून नोंदणी करा, तीन वर्षे कर माफ. वाचक विचारतात, "दूषित पाण्यावर काम करणाऱ्या माझ्यासारखीला करसवलत मिळायलाच हवी ना? मग ती कोणत्या वाटेने घेऊ? की सगळे सरळ करत बसले, हाच माझा वेडेपणा?"

ताई,

वेडेपणा नाही. तुमच्या अहवालाच्या भरवशावर एखादी ग्रामपंचायत हातपंपाला लाल रंग देते आणि लोक त्याचे पाणी प्यायचे थांबतात. तो भरवसा तुमच्या सरळपणातूनच आला आहे.

कारखानदाराचा विषय आधी संपवू, कारण त्यात तोलण्यासारखे काही नाही. देणगी चेकने घेऊन रोख परत करणे म्हणजे त्याच्या करचुकवेगिरीसाठी तुमच्या संस्थेची पावती विकणे. दुसऱ्याला कर चुकवता यावा म्हणून खोटी नोंद करणे हा आयकर कायद्यात स्वतंत्र गुन्हा आहे. २०१५ च्या सुमारास कोलकात्यातल्या काही मान्यताप्राप्त संशोधन संस्थांचा असाच उद्योग उघडकीला आला होता. त्यांच्या मान्यता पूर्वलक्षी प्रभावाने काढून घेतल्या गेल्या आणि देशभरच्या देणगीदारांना नोटिसा गेल्या. त्या संस्थांच्या नावातही संशोधन होते. शिवाय ज्याच्या सांडपाण्याचे अहवाल तुम्ही देता, त्याचे पाच लाख तुमच्या कपाटात आल्यावर पुढच्या पावसाळ्यात त्याचा सीओडी (सांडपाण्यातल्या प्रदूषणाचे एक माप) मर्यादेबाहेर आला तर तो आकडा तुम्ही कसा लिहाल? तुम्ही खराच लिहाल, याची मला खात्री आहे. पण तो तुम्हाला दुसरा आकडा लिहायला सांगेल, आणि तसे सांगायचा हक्क त्याला मिळालेला असेल.

त्याचा हिशेबही जुना आहे. मान्यताप्राप्त संशोधन संस्थेला दिलेल्या देणगीवर एके काळी १७५ टक्के वजावट होती. आर्थिक वर्ष २०१७-१८ पासून ती १५० टक्के झाली आणि २०२०-२१ पासून फक्त १०० टक्के. दीडपट वजावट जाऊन काही वर्षे झाली. त्याच्या कंपनीने २२ टक्के दराची सवलतीची करपद्धती निवडली असेल, तर या देणगीची वजावट तिला मुळीच मिळत नाही. दिरांना हे शांतपणे दाखवा. ते तुमचे वाईट चिंतत नसतील, पण हा सल्ला जुन्या पाठांतरातून आला आहे.

आता तुमच्या मूळ प्रश्नामागचे एक गृहीतक पाहू. करसवलत मिळाली की संशोधनाला पैसा मिळेल, असे तुम्ही धरून चालला आहात. सवलत म्हणजे भरायच्या करातली सूट, हातात येणारा पैसा नव्हे. तुमची प्रयोगशाळा एकल मालकीची आहे आणि वर्षाला नऊ लाख उरतात. २०२५-२६ पासून नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या निवासी व्यक्तीला, रिबेट धरून, आयकर लागत नाही. म्हणजे तुमचा कर आजच शून्य आहे. ज्या कराच्या सवलतीसाठी तुम्ही ट्रस्ट करायला, कंपनी काढायला, घरात वाद घालायला निघालात, तो कर तुम्ही भरतच नाही.

तुमच्यासारखी अनेक पत्रे येतात. कोणी प्राध्यापक घराच्या गच्चीवर गाळणी बनवत असतो, कोणी अभियंता आर्सेनिकवर काम करत असतो, आणि बहुतेकांचा प्रश्न हाच असतो. आपल्या आयकर कायद्यातल्या संशोधनाच्या सवलती नफ्यातल्या, मोठ्या कंपन्या डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेल्या आहेत. औषध कंपनीला किंवा वाहन कंपनीला त्या उपयोगी पडतात. फ्लोराइडवर काम करणाऱ्या तालुक्यातल्या प्रयोगशाळेला त्या फारशा लागू पडत नाहीत, आणि दूषित पाण्यावरच्या संशोधनासाठी कायद्यात वेगळे कलमही नाही. हे मला चुकीचे वाटते. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडकडच्या फ्लोराइडग्रस्त गावांचा प्रश्न मोठ्या कंपनीच्या नफ्यातून सुटणारा नाही. पण कायदा बदलेपर्यंत तुम्हाला आहे त्याच कायद्यात वावरायचे आहे, तेव्हा त्यात तुमचे काय आहे ते पाहू.

एक खुलासा. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू आहे आणि कलमांचे क्रमांक बदलले आहेत. मी १९६१ च्या कायद्यातले क्रमांक देते, कारण सल्लागार अजून तेच बोलतात. नवा क्रमांक तुमच्या सीएकडून लिहून घ्या.

कलम ३५ चा साधा भाग तुम्हाला मान्यतेशिवाय लागू होतो आणि त्याबद्दल कोणीच बोलत नाही. स्वतःच्या व्यवसायाशी संबंधित संशोधनावरचा चालू खर्च, म्हणजे रसायने, काचसामान, संशोधनावर लावलेल्या सहायकाचा पगार, पूर्ण वजा होतो. संशोधनासाठी घेतलेले यंत्रही त्याच वर्षी पूर्ण वजा होते, जमीन सोडून. नव्या करपद्धतीतही हे चालते. ज्या संशोधनातून व्यवसायाचा विस्तार होऊ शकतो तेही 'व्यवसायाशी संबंधित' धरले जाते, त्यामुळे तपासणीच्या प्रयोगशाळेने गाळणीच्या माध्यमावर काम करणे त्यात बसवता येते. नफ्यापेक्षा हा भांडवली खर्च जास्त झाला, तर उरलेली वजावट पुढच्या वर्षांत ओढता येते. मग २८ लाखांचे यंत्र घेतले तर? आज कर शून्य, म्हणून आज फायदा शून्य. पुढे उत्पन्न १२ लाखांच्या वर गेले तर ती मागे राहिलेली वजावट कामाला येईल. यंत्र घेण्याचे कारण ती होऊ शकत नाही.

यात दोन अडथळे आहेत. तुमचे विवरणपत्र अनुमानित उत्पन्नाच्या योजनेत, म्हणजे उलाढालीच्या ठरावीक टक्के नफा धरून कर भरायच्या ४४एडी किंवा ४४एडीएखाली, भरले जात असेल तर कलम ३५ ची वजावट वेगळी मागता येत नाही. ती त्या ठरावीक टक्केवारीत आलीच असे कायदा धरतो. ४४एडीतून बाहेर पडलात तर पाच वर्षे परत येता येत नाही, म्हणून घाईने बाहेर पडू नका. दुसरे असे, की हे यंत्र सकाळी गिऱ्हाइकांच्या नमुन्यांना आणि संध्याकाळी संशोधनाला वापरणार असाल, तर 'संशोधनासाठीच' म्हणून पूर्ण वजावट मागणे वादात सापडू शकते. साधा १५ टक्के घसारा, म्हणजे यंत्राच्या किमतीची दरवर्षी थोडी थोडी वजावट, घेणे अशा वेळी जास्त सुरक्षित. नेहमीची तपासणी हे संशोधन नव्हे, हा फरक कायद्यात आहे आणि विज्ञानातही आहे.

म्हणून एक काम आजपासून करा: संशोधनाची वही आणि संशोधनाचे खाते वेगळे ठेवा. कोणत्या तारखेला कोणत्या गावच्या पाण्यावर कोणते माध्यम चालवले, आत येताना फ्लोराइड किती, बाहेर पडताना किती, सामू किती, माध्यम किती लिटरनंतर दमले, हे सारे तारीखवार लिहा. या वहीवर पुढे अनुदान मिळते, पेटंटचा अर्ज उभा राहतो आणि आयकर अधिकाऱ्याने विचारले तर उत्तरही देता येते.

ट्रस्टची गोष्ट. सेवाभावातून ट्रस्ट किंवा कंपनी कायद्याच्या कलम ८ ची ना-नफा कंपनी काढणारी माणसे मला फार आदरणीय वाटतात. पण तुमच्या पत्रात ट्रस्ट सेवेसाठी आलेला नाही, कर वाचवायला आला आहे. एकदा प्रयोगशाळा ट्रस्टची झाली की ती तुमची राहत नाही. तुम्ही रास्त पगार घेऊ शकता, नफा घेऊ शकत नाही. उद्या मन बदलले आणि धर्मादाय दर्जा सोडायचा ठरवला, तर साठलेल्या मालमत्तेवर कराच्या सर्वोच्च दराने बाहेर पडण्याचा कर बसतो. देणगीसाठीची मान्यता वैज्ञानिक संशोधन हाच उद्देश असलेल्या संस्थेला मिळते, दर पाच वर्षांनी ती नव्याने घ्यावी लागते, आणि प्रत्येक देणगीदाराचे विवरण खात्याकडे भरावे लागते. तुमचे पोट भरणारे काम तपासणीचे आहे. ते कुठे जाईल?

कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाचा निधी मिळेल, असेही दिरांनी सुचवले असेल. सुरक्षित पिण्याचे पाणी कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आहे, हे खरे. पण खासगी व्यक्तींनी काढलेल्या ट्रस्टला त्यासाठी आयकर खात्याची १२ए व ८०जी नोंदणी, असा निधी घेण्यासाठीचा सीएसआर-१ क्रमांक आणि अशा कामाचा तीन वर्षांचा पूर्वानुभव लागतो. आज ट्रस्ट काढून यंदा हा निधी मिळत नाही. तो हवाच असेल तर असा अनुभव असलेल्या संस्थेबरोबर काम करा: देणगी ती घेईल, पाण्याचे शास्त्र तुम्ही सांभाळाल.

यजमानांचा स्टार्टअपचा मुद्दा मी असाच उडवून लावणार नाही, कारण तो पुढे कधी तरी बरोबर ठरू शकतो. कलम ८०-आयएसीखाली पात्र स्टार्टअपला पहिल्या दहा वर्षांतली सलग तीन वर्षे निवडून नफ्यावर १०० टक्के वजावट मिळते. त्यासाठी कंपनी किंवा एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) लागते, एकल मालकी चालत नाही. स्थापनेची मुदत २०२५ च्या अर्थसंकल्पाने १ एप्रिल २०३० च्या आधीपर्यंत वाढवली आहे, आणि आंतरमंत्रालयीन मंडळाचे वेगळे प्रमाणपत्र लागते. नुसती स्टार्टअप इंडियाची मान्यता म्हणजे करमाफी नव्हे, इथे खूप लोक फसतात. चालू धंद्याचे विभाजन करून किंवा त्याची पुनर्रचना करून बनवलेली कंपनी चालत नाही. म्हणजे आहे ती प्रयोगशाळा कंपनीत घालून भागणार नाही. ही वजावट घेणाऱ्या कंपनीला २२ टक्क्यांचा दर मिळत नाही आणि मॅट, म्हणजे कंपनीवरचा किमान कर, चुकत नाही.

मला यात वेगळी शक्यता दिसते. तुमचे माध्यम खरोखर चालले आणि ते बनवून विकायची वेळ आली, तर त्यासाठी नवी कंपनी काढा आणि ही सवलत तेव्हा मागा. तपासणीची प्रयोगशाळा आहे तशी तुमच्या नावावर राहू द्या. माध्यमावर भारतात तुमच्या नावे पेटंट मिळाले आणि ते वापरायला दिलेत, तर त्या रॉयल्टीवर १० टक्के इतक्या कमी दराने कर भरायची निवड कायदा देतो.

मग आज पैसा कुठून? तुमच्या पत्रातल्या एका ओळीवर तुम्ही स्वतः थांबला नाहीत, मी थांबले. कारखान्यांकडे अकरा लाखांची बिले अडकली आहेत, असे तुम्ही जाता जाता लिहिले आहे. ताई, तुमच्या उपयोगाची करतरतूद इथे आहे, आणि ती तुमच्या नव्हे, तुमच्या गिऱ्हाइकाच्या करात आहे. कलम ४३बी(एच) आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून लागू आहे. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत चुकते करावे लागते. त्या मुदतीबाहेर गेलेले बिल ३१ मार्चला थकलेले असेल, तर त्या खर्चाची वजावट कारखान्याला त्या वर्षी मिळत नाही. ज्या वर्षी पैसे देईल त्याच वर्षी मिळते. अट एकच: तुमची उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून सरकारी नोंद, हवी. तपासणी ही सेवा असल्याने ती तुम्हाला मिळते, ऑनलाइन होते आणि तिला पैसे पडत नाहीत. मात्र तिचा उपयोग नोंदणीनंतरच्या बिलांना होतो, म्हणून ती आधी करा. नोंदणी क्रमांक प्रत्येक बिलावर छापा. कारखान्याचा लेखापाल तो क्रमांक पाहिल्यावर तुमचे बिल ढिगाच्या तळाशी ठेवणार नाही.

ग्रामपंचायतीला आयकराचा हा धाक नाही. पण २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम कायद्याने उशिराच्या रकमेवर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज ठरवले आहे आणि दाद मागायला सुविधा परिषद आहे. सरपंचांशी भांडू नका, तेही निधीची वाट पाहत असतात. कामाच्या आदेशावर पैसे कोणत्या निधीतून आणि केव्हा मिळणार, हे मात्र आधी लिहून घ्या.

यंत्राबद्दल माझे मत स्पष्ट आहे: सध्या घेऊ नका. फ्लोराइडसाठी आयन सिलेक्टिव्ह इलेक्ट्रोडवर, म्हणजे एकच आयन मोजणाऱ्या साध्या साधनावर, उत्तम काम होते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. नायट्रेट, सल्फेट असे सगळे ऋण आयन एकत्र पाहायचे असतील तेवढ्यापुरता क्रोमॅटोग्राफ भाड्याने मिळतो. आय-स्टेम हे केंद्र सरकारचे पोर्टल देशभरच्या सरकारी संस्थांमधली उपकरणे बाहेरच्यांना आरक्षित करू देते. नागपूरला नीरी ही केंद्राची पर्यावरण संशोधन संस्था आहे, तिच्याशी पत्रव्यवहार सुरू करा.

आणि अनुदानाकडे वळा. केंद्राच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभागाची (डीएसआयआर) प्रिझम योजना व्यक्तिगत संशोधकाला चालते आणि पाणी व सांडपाणी तिच्या विषयांत आहे. निधी-प्रयास योजनेत नमुना उपकरण बनवायला दहा लाखांपर्यंत मिळतात. पुण्याच्या व्हेंचर सेंटरसारख्या, नवउद्योगांना आधार देणाऱ्या उद्भवन केंद्रांतून त्यासाठी अर्ज होतो. अनुदानातून घेतलेल्या यंत्राच्या तेवढ्या भागावर वजावट मिळत नाही, हे सीएला सांगून ठेवा. विद्यापीठाबरोबर संयुक्त प्रकल्प केलात तर आणखी एक गोष्ट जमते. सरकारी संस्था आणि कलम ३५ खाली अधिसूचित विद्यापीठे, महाविद्यालये व संशोधन संस्था यांनी अनुदानातून केलेल्या संशोधन सेवेला १० ऑक्टोबर २०२४ पासून जीएसटी माफ आहे. तुमच्या एकटीला ती माफी नाही.

कारखानदाराला पाण्याबद्दल खरोखर काही करायचे असेल, तर त्यालाही सरळ वाट आहे. त्याच्या सांडपाण्यातल्या एखाद्या प्रश्नावर तो तुम्हाला लेखी करार करून संशोधनाचे काम देऊ शकतो. तुम्ही जीएसटीसह बिल द्याल, त्याला तो धंद्याचा खर्च म्हणून वजा करता येईल आणि जीएसटीचे क्रेडिट घेता येईल. अट अशी ठेवा, की प्रदूषण मंडळाला जाणारे त्याचे अहवाल त्या काळात दुसरी प्रयोगशाळा देईल. ही अट ऐकून तो मागे हटला, तर त्याला काय हवे होते ते कळेल.

शेवटी फ्लोराइडच्या कामाबद्दल थोडे. पाण्यातले फ्लोराइड काढणारी, नीरीने विकसित केलेली नालगोंडा पद्धत तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर एवढ्यावर चालते. पण रोज मोजून मात्रा घालणारा माणूस लागतो आणि गाळाची विल्हेवाट लावावी लागते. फ्लोराइड शोषणाऱ्या अ‍ॅक्टिव्हेटेड अ‍ॅल्युमिनाची गाळणी दमली की कॉस्टिक आणि आम्ल वापरून पुन्हा ताजी करावी लागते. ती कोणी करत नाही म्हणून बसवलेली गाळणी बंद पडते आणि बाया पुन्हा त्याच बोअरवर जातात. आपल्या करसवलती यंत्र विकत घ्यायला आहेत, अनुदानेही बहुधा बसवायला आहेत. बसवलेले चालू ठेवायला पैसा कमी पडतो. तुमचे माध्यम किती फ्लोराइड शोषते, याहून ते गावातल्या एखाद्या बचत गटाला किती सोपेपणाने पुन्हा ताजे करता येते, यावर मी जास्त वेळ घालवला असता. अनुदानाच्या अर्जातही तीच बाजू ठळक मांडा. पाण्यातले प्रमाण भारतीय मानक आयएस १०५०० च्या १ मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या आत किती महिने टिकले आणि त्या महिन्यांचा दर लिटरमागे खर्च किती, हे दोन आकडे तुमच्याकडे हवेत. दुसरा पर्यायी स्रोत नसेल तर मानक १.५ पर्यंत चालवून घेते, पण तुमचे लक्ष्य १ च ठेवा.

या आठवड्यात एवढे करा. उद्यम नोंदणी नसेल तर ती करा, असेल तर तिची प्रत जोडून थकलेल्या प्रत्येक कारखान्याच्या लेखा विभागाला पत्र पाठवा, बिलाची तारीख, रक्कम आणि ४३बी(एच)चा उल्लेख करून. ३१ मार्चच्या आधी दोन महिने ही पत्रे पोहोचलेली बरी. सीएला तीन प्रश्न लेखी विचारा: माझे विवरणपत्र कोणत्या योजनेत भरले जाते, गेल्या वर्षी मी प्रत्यक्ष किती कर भरला, आणि संशोधनाचा खर्च खात्यात वेगळा दिसतो का. दिरांऐवजी दुसऱ्या सीएकडून उत्तरे घेतली तर घरातला संबंधही सांभाळला जाईल. कारखानदाराला मात्र फोन करू नका. देणगी स्वीकारता येत नाही, संशोधनाचा करार करता येईल, एवढे दोन ओळींत लिहून कळवा आणि त्या पत्राची प्रत तुमच्याकडे ठेवा.